मामंजींचा फिल्टर आणि करडईचं तेल

आम्ही सेलूला राहतो आणि माझी शाळा वालूरला आहे. तिथे मी विज्ञान शिकवते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या विज्ञानाचा कुणालाच काही उपयोग झाला नाही.

गाडी जुनी, डिझेलची. ती मीच चालवते. वालूरच्या रस्त्याचं काम निघालं तेव्हा इतकी धूळ उडायची, की समोरची एसटी दिसायच्या आधी तिचा हॉर्न ऐकू यायचा. त्यात सोयाबीनची काढणी सुरू झाली की मळणीयंत्रांचा भुसा वेगळा. इंजिन ज्यातून हवा ओढतं तो कागदी एअर फिल्टर दोन-तीन महिन्यांतच विटकरी व्हायचा आणि फेकून द्यावा लागायचा.

माझ्या नवऱ्याला वस्तू फेकायचा राग. त्याने मोबाईलवर शोधून धुता येणारा फिल्टर मागवला. लाल सुती कापडाचा, दोन्ही बाजूंनी जाळी, दिसायला देखणा. सोबत धुवायच्या औषधाची बाटली, तेलाची एक छोटी बाटली आणि इंग्रजी पत्रक. कापडाला तेलाचा हलका हात द्यायचा म्हणजे धूळ त्यात अडकते, भरला की धुवायचा, पुन्हा तेल लावायचं आणि बसवायचा. जन्मभर चालतो, असं खोक्यावर लिहिलं होतं.

"गाडी हलकी झाल्यासारखी वाटते का?" नवऱ्याने विचारलं.

मी हो म्हणाले. खरं तर आवाज तेवढा बदलला होता. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी घसा खाकरल्यासारखं करायची.

माझे सासरे, म्हणजे मामंजी, पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना निरीक्षण करायला काही उरलं नव्हतं. धुवायची वस्तू घरात आली म्हटल्यावर त्यांनी ती ताब्यात घेतली. पत्रकात लिहिलं होतं की घासू नका, उन्हात ठेवू नका, तेल मोजकंच लावा आणि हे सगळं पुष्कळ महिन्यांनी एकदा करा. मी ते मराठीत वाचून दाखवलं.

"सूनबाई, पाण्याचं मला नका सांगू," ते म्हणाले. "जिंदगी कालव्यावर गेली."

पंधराव्या दिवशी फिल्टरला पहिली अंघोळ घडली. नंतर त्यांनी तेलाची अख्खी बाटली त्यावर रिकामी केली. मी अडवायला गेले तर म्हणाले, "वालूरपर्यंत जायचं त्याला. इतुश्या तेलानं काय होतंय?"

पुढच्या अंघोळीला तेल नव्हतं. नवरा म्हणाला, नवीन बाटली मागवतो. मामंजी म्हणाले, "खामखा कशाला? मी बघतो." त्यांनी काय बघितलं हे कुणी विचारलं नाही.

त्यानंतर गाडीत वास येऊ लागला. माझ्यासोबत शाळेत येणाऱ्या मॅडम एक दिवस म्हणाल्या, "आज डब्यात भजी हायत का हो?" दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच विचारलं. तिसऱ्या दिवशी माझा डबा मांडीवर घेऊन बसल्या. मी विचार केला, वळणावरच्या हॉटेलवाल्याने सकाळी लवकर कढई ठेवायला सुरुवात केली असेल. हा निष्कर्ष काढून मी समाधानी झाले.

त्याच सुमाराला सासूबाईंनी स्वयंपाकघरात मला गाठलं. आमच्याकडे करडईचं तेल घाण्यावरून काढून आणतात आणि डब्यात ते किती उरलंय हे त्यांना न बघता कळतं.

"तेल लय लवकर संपायलंय," त्या म्हणाल्या. "तू भाजीत जास्त टाकायलीस का गं?"

मला फार लागलं ते. मी त्या दिवसापासून तेलाचा हात इतका आखडता घेतला की वांग्याची भाजी कढईला चिकटायला लागली. तीन आठवडे आमचं घर कोरड्या भाज्या खात होतं. सगळ्यात जास्त कुरकुर मामंजींची. ताट पुढे सरकवून म्हणायचे, "ह्या भाजीला तेलाचा थेंब न्हाई. कसं उतरावं घशाखाली?"

मग गाडी चढावर झटके द्यायला लागली आणि स्टिअरिंगसमोरच्या काट्यांच्या शेजारी एक पिवळा दिवा लागला. तो इंजिनात बिघाड झाल्याचा दिवा, पण त्याचं चित्र नळासारखं दिसतं. मामंजींनी वाकून पाहिलं आणि खात्रीने सांगितलं, "नळ हाय. पाणी तपासा म्हणतोय." त्यांनी स्वतः बॉनेट उघडून पाणी पाहिलं. काठोकाठ होतं. "पाणी फुल हाय. बिलकुल फिकीर नका करू."

पुढच्या शनिवारी आम्ही नरसिंहाच्या दर्शनाला पोखर्णीला निघालो. नवऱ्याला काम होतं, म्हणून मी, सासूबाई आणि मामंजी. परभणी मागे पडली आणि गाडीतला जीवच गेला. कितीही दाबलं तरी वेग वाढेना, मागे काळा धूर. कडब्याने भरलेला एक ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला. ट्रॅक्टरवाला मागे वळून बराच वेळ आमच्याकडे बघत होता. त्याच चालीने आम्ही रस्त्याकडेच्या एका गॅरेजपर्यंत पोचलो.

मेकॅनिक पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने फिल्टरच्या डब्याचं झाकण काढलं आणि थांबला. आत मुंग्यांची रांग होती. फिल्टर लाल राहिला नव्हता, गुळाच्या चिक्कीसारखा झाला होता.

"याला फोडणी कुणी दिली?" त्याने विचारलं.

मामंजी रस्त्याकडे बघू लागले. सासूबाई पुढे झाल्या, वाकल्या, एकदाच वास घेतला.

"हे आपलं करडईचं हाय," त्या म्हणाल्या. मग मामंजींकडे वळल्या. "आन् मी सुनेला बोलले."

"घाण्याचं हाय," मामंजी हळू आवाजात म्हणाले. "भेसळ न्हाई त्यात."

"तेल चांगलंच हाय काका," मेकॅनिक म्हणाला. "पण करडईचं तेल हवेला लागलं की सुकून चिकट होतं, वार्निशवानी. त्यात धूळ बसली, आता गाडीला दमच घेता येईना." त्याने पुढच्या नळीतून एक छोटा सेन्सर काढून दाखवला. "ह्यातली बारीक तार हवा किती आली ते मोजती. तिच्यावर तेल गेलंय. ती चुकीचं सांगायलीय, म्हणून हा धूर."

मी विचारलं, मग हा फिल्टरच वाईट का?

"न्हाई. सावलीत वाळवून, त्याचंच तेल मोजून लावणाऱ्याला वर्षानुवर्षं पुरतो, दरवेळी नवा घ्यायची कटकट न्हाई." त्याने फिल्टरच्या पलीकडच्या नळीत बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं. बोटावर पिठासारखी धूळ होती. "पण ही बघा, आत गेलेली. आपली धूळ लय बारीक. कागद तिला जास्त धरतो. कच्च्या रस्त्यानं रोज जाता तर कागदीच लावा."

तो स्प्रे मारून सेन्सर साफ करत होता तेव्हा मामंजी बाकड्यावर एकटेच बसले होते. मला वाईट वाटलं. मी जवळ जाऊन म्हणाले, "मामंजी, इतके दिवस वास मलाही येत होता. मलाच कळायला पाहिजे होतं."

त्यांनी थोडा विचार केला. "तुमचा काय दोष," ते म्हणाले. "तुमी विज्ञानाच्या. तेल हा वेगळा विषय हाय."

नवा कागदी फिल्टर बसवून गाडी नीट झाली, दर्शनही झालं. परतताना सासूबाई मुद्दाम पुढे माझ्याशेजारी बसल्या आणि सेलू येईपर्यंत मला पेढे भरवत राहिल्या. माफी मागायची त्यांची तीच पद्धत आहे.

मामंजींनी तो फिल्टर फेकला नाही. चार दिवस खपून त्यातली चिक्की काढली, सावलीत वाळवला, खऱ्या तेलाची नवी बाटली मागवली आणि फिल्टर शेजाऱ्यांना देऊन टाकला. त्यांची गाडी अगदी आमच्यासारखीच, पण गावातल्या डांबरी रस्त्यावरच फिरते. सोबत मराठीत लिहिलेलं पत्रक दिलं, खात्यातल्या अहवालासारख्या सुवाच्य अक्षरात. 'तेल बेताने लावणे' या ओळीखाली दोन रेघा आहेत. शेजाऱ्यांची गाडी अजून तरी बरी चालते. मामंजी रविवारी सकाळी तिच्याजवळ जाऊन उभे राहतात, हात पाठीमागे बांधून.