चकव्यावरचा उपाय
धुऊन आलेल्या हिरव्या गाऊनचा वास आला की कतारमधल्या, दोह्याच्या हॉस्पिटलातली ती सकाळ आठवते. रत्नागिरीचे एक चाचा हर्नियाच्या ऑपरेशनला आले होते, पण भीतीने त्यांचा रक्तदाब चढला होता. तो उतरला नसता तर ऑपरेशन लांबून पुढच्या महिन्यातलं मुलीचं लग्न हुकलं असतं. आमचे सर्जन वेल्सचे, फावल्या वेळात तिकडच्या भुतांचा अभ्यास करणारे. चाचांचं मन रमवायला त्यांनी भुताचीच गोष्ट काढली, कंदील दाखवत वाटसरूला कड्यावर नेणाऱ्या. घरातली पहिली पदवीधर मी, भाषांतर करताना घाबरले. नर्सिंग कॉलेजात हे शिकवलं नव्हतं. चाचा मात्र उठून बसले. "पोरी, हा तर आमचा चकवा. साहेबांना सांग, सदरा उलटा घातला की वाट सापडते." साहेब हरखले. त्यांच्या गावीही हाच उपाय होता. गप्पांत रक्तदाब उतरला. चाचांना आत नेलं, तर साहेब टोपी उलटी घालून उभे. चाचा हसून म्हणाले, "यल्ला, चला साहेब, आता बिनधास्त कापा." परवा मॉलच्या पार्किंगमध्ये मला गाडी सापडेना. कोणी बघत नाही असं पाहून मी स्वेटर उलटा घातला. गाडी समोरच होती.