बाईंचा वेळ

पुरुषजातीच्या मागे आमच्या नांदेडच्या घरमालक सरांइतका हात धुऊन लागलेला दुसरा पुरुष मी पाहिला नाही. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळं गाव आणि खुद्द सरही बाई म्हणत, बायबलमधल्या बायकांचा अभ्यास करायच्या. ज्यांची नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत त्यांचा जास्त. त्यांचं लिखाण वाचता वाचता सरांना प्रश्न पडला, की मग यातले पुरुष नेमकं काय करून राहिलेत? झालं. चर्चमध्ये पुरुषांच्या बाजूला बसून प्रार्थनेत कोण डोळे पुसतो ते बघायचे आणि बाहेर त्या बिचाऱ्याला चहाला धरायचे. "दावीद राजा एवढा लढवय्या, पण पोरगा गेल्यावर सगळ्यांदेखत रडला. तुम्ही लपून का रडता?" तो माणूस पुढच्या रविवारी मागच्या रांगेत.

मी जळकोटकडचा, नववीतून शाळा सोडलेला, त्यांच्या मागच्या खोलीत राहून ऑटो चालवणारा. काही चुकीचं बोललो तर खोली जाईल, या धाकात असायचो. सर वरण घोटता घोटता विचारत, "एसाव अंगभर केसांचा शिकारी, आणि त्याचा भाऊ याकोब घरात मसुरीचं वरण शिजवणारा. सांग, मर्द कोण?" मी म्हणायचो, सर, माझं शिक्षण न्हाई. "म्हणून तर विचारून राहिलो. शिकलेल्यांची उत्तरं तयार असतात."

एकदा लातूरच्या कॉलेजात दोघांची भाषणं होती. पुस्तकांची पिशवी धरायला मीही गेलो. आधीच्या पाहुण्यांची भाषणं लांबली, तेव्हा आयोजकांनी बाईंचा तास पंधरा मिनिटांवर आणला आणि सरांचा तसाच ठेवला. म्हणे, पुरुषांवरचा विषय नवा आहे. सर ताडकन उठले. "माझा वेळ मी बाईंना देतो." टाळ्यांचा कडकडाट. बाई माइकपाशी आल्या. "वेळ माझा कापला, यांनी तो मला दान दिला, आणि टाळ्याही यांनाच." बाईंचं बरोबर आहे, हे सांगायला सर पुन्हा उठायला लागले. बाई म्हणाल्या, "अहो, बसा." सर बसले. बाई पूर्ण तासभर बोलल्या.

परतीच्या एसटीत सर खिडकीकडे तोंड करून बसले. एवढा जुना संसार आज मोडतो की काय, अशी मला धास्ती. अहमदपूर गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "माझा अभ्यास निघाला तुमच्या अभ्यासातून, आणि मीच तुमच्या पुढे उभा राहिलो. मग काय करायला पाहिजे होतं?"

"आधी मला विचारायचं," बाई म्हणाल्या आणि सोललेल्या संत्र्याच्या फोडी त्यांच्या हातावर ठेवल्या. सरांनी त्या नीट, शहाण्या पोरासारखं खाल्ल्या.

आता मी मस्कतला गाडी चालवतो. काम बरं आहे, मालक बरा आहे, तरी काळजी करायची सवय काही जात नाही. लेकीला पुढं कुठं शिकवायचं, हे मी इथून ठरवून कळवणार होतो. परवा फोनवर बायकोला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "थांबा, जरा विचार करू द्या." तिकडे गल्लीत कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. मी फोन कानाला लावून थांबलो.