थांबा मावशी

कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत त्यांना सगळे 'थांबा मावशी' म्हणत. लिफ्टमध्ये घुसणाऱ्याला, अर्धवट ऐकून उत्तर देणाऱ्याला त्या हा एकच शब्द ऐकवायच्या. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्या वस्त्यावस्त्यांतून म्हाताऱ्या बायकांची गाणी रेकॉर्ड करत फिरत. सोबतीला मी असे.

पेन ड्राइव्हच्या बाबतीत तर त्या हट्टीच. त्यांच्या लॅपटॉपवरून गाणी सावकाश उतरत. "उशिरा का होईना, पोचलं पाहिजे," म्हणत त्या चहा टाकायच्या. एक सेटिंग बदललं की काम भराभर होतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण तेव्हा पडद्यावर 'झालं' दिसलं तरी काही भाग कॉम्प्युटरच्याच मेमरीत राहिलेला असतो. ड्राइव्ह रीतसर बंद न करता उपटला, की तो गेला.

ते सेटिंग बदललं आमच्या चेअरमनसाहेबांनी. आयटीतले बडे अधिकारी! सोसायटीतल्या चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात हडपसरच्या सोनाबाईंचं गाणं ऐकवायचं होतं. त्यांच्या आईने नागपूरहून धम्मदीक्षा घेऊन परतताना रचलेलं. ते पाठ असलेल्या सोनाबाई एकट्याच उरल्या होत्या. आदल्याच दिवशी आम्ही ते रेकॉर्ड केलं होतं.

"किती स्लो आहे हो हे!" साहेबांनी लॅपटॉप ओढून घेतला आणि सेटिंग बदललं. कार्यक्रमाच्या शूटिंगसाठी रेकॉर्डरमधलं मेमरी कार्ड हवं होतं, म्हणून त्यावरची गाण्याची फाइल कॉपी न करता सरळ ड्राइव्हवर हलवली.

"थांबा!" मावशी ओरडल्या.

"अहो, झालंय. दाखवतंय ना इथे!" आणि त्यांनी ड्राइव्ह उपटला.

साउंडवाल्याकडे फाइल उघडेना. कार्डावर तोवर शूटिंग सुरू झालेलं, त्यामुळे तिथूनही गाणं परत मिळेना.

"दाखवणं वेगळं, होणं वेगळं," मावशी म्हणाल्या.

"एकच गाणं तर होतं, मॅडम. पुन्हा रेकॉर्ड करू," साहेब हसून म्हणाले. त्या हसण्याने आजही माझं डोकं तडकतं.

त्याच आठवड्यात सोनाबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. बातमी कळल्यावर साहेब नवा, महागडा पेन ड्राइव्ह घेऊन मावशींच्या दारात उभे राहिले.

"यात सोनाबाईंचा आवाज भरून आणलाय का?" मावशींनी विचारलं आणि दार लावून घेतलं.

आम्ही हडपसरला गेलो. मावशींनी खाटेशी बसून आठवेल तसं गाणं म्हणायला सुरुवात केली. सोनाबाई धडधाकट हाताने खाटेवर ठेका धरू लागल्या. शब्द चुकला की हात थांबे. मावशी दुसरा शब्द घेऊन बघत. जुळला की ठेका पुन्हा सुरू. असं एक कडवं हाती लागलं. दुसरं आम्हा दोघींनाही आठवेना. सोनाबाईंचा हात तसाच वर राहिला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

पुढे मावशीही गेल्या. शोकसभेत बोलायला साहेबच उभे राहिले. "मावशींनी समाजाचा अमूल्य ठेवा जपला," ते म्हणाले.

मी बसल्या जागेवरून म्हटलं, "आणि तुम्ही घालवला."