विहिरीतलं दुसरं कासव

माझ्या सासरच्या विहिरीत एक कासव होतं. समुद्रकाठच्या तोंडवलीत तेव्हा बऱ्याच विहिरींत असायचं. किडे, शेवाळ खाऊन पाणी स्वच्छ ठेवतं म्हणून लोक मुद्दाम सोडत. सासूबाई रोज सकाळी त्याला मूठभर भात टाकायच्या. सुनेला वाढताना त्यांचा हात इतका सैल कधी सुटला नाही.

पन्नासच्या दशकातली, माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षातली ही गोष्ट. माझ्या माहेरून, घाटावरच्या आंबोलीहून, निरोप आला होता, वडिलांनी अंथरूण धरलंय, सारखी तुझी आठवण काढतात. शिमगा झाला की जा, असं सासूबाई म्हणाल्या. मी दिवस मोजत बसले.

शिमगा आटोपला आणि नेमकं तेव्हाच कासवाने भातासाठी वर येणं सोडलं. एकटं पडलंय बिचारं, असं सासूबाईंनी ठरवून टाकलं, आणि माझं जाणं मागे पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूतून निघालेली कासवाची पिल्लं समुद्राकडे चालली होती. त्यातलं एक त्या पदरात घालून घेऊन आल्या. मी ते हातावर घेऊन पाहिलं. आमच्या कासवाला नख्यांचे पाय होते, याला नुसती वल्ही.

"आये, ह्यां दर्यातलां," मी म्हटलं. "गोड्या पाण्यात जगूचां नाय. आणि तां मोठां हेका चावात."

"कासव तां कासव. माझो जल्म दर्याकाठावर गेलो. घाटावरच्या चेडवान माका शिकवक नको."

नवऱ्याच्या तोंडात सुपारी होती. नसती तरी तो काही बोलला नसता.

पिल्लू विहिरीत गेलं. खाली जायचं, वर यायचं, कडेच्या दगडांवर धडकायचं. तिसऱ्या दिवशी त्याचं एक वल्हं अर्धं तुटलेलं दिसलं. चौथ्या दिवशी ते उलटं तरंगत होतं, आणि मोठं कासव, ज्याला सोबत हवी होती म्हणे, ते त्याचे लचके तोडत होतं. घरात कोणी पाण्याला शिवेना.

सासूबाईंनी खापर माझ्यावर फोडलं. "काळी जीभ तुझी! तूच बोललंस मरतलां म्हणान. आता विहीर उपस. पाणी नितळ झाल्याबिगर खंय जावचां नाय."

मी उपसली. तीन दिवस कळशीमागून कळशी ओढली, हाताची सालटी निघाली. झऱ्याचं पाणी भरत राहायचं आणि सासूबाई वाकून बघून म्हणायच्या, अजून वास येता. मला वास येत नव्हता. तरी मी ओढत राहिले, याचा मला आजही संताप येतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी माहेरचा माणूस आला. अंगणात उभा राहूनच त्याने सांगितलं, वडील गेले. तीन दिवस दाराकडेच डोळे लावून होते.

मी कपडे बांधायला आत वळले. सासूबाई चुलीपुढून उठल्यासुद्धा नाहीत.

"आता थंय जावन काय करतलंस?" त्या म्हणाल्या. "बघूक कोण उरलो आसा?"

पुढे त्या दोन वर्षं अंथरुणाला खिळल्या. त्यांचं सगळं मी केलं. सून असावी तर अशी, असं अख्खा गाव म्हणाला. त्यांना मी एक दिवसही माफ केलं नाही.