सहा सुपाऱ्या आणि दोन गावं

माणसाने निवृत्तीनंतर कुठे राहावं, हा प्रश्न आमच्या घरी सहा सुपाऱ्यांनी सोडवला.

मी इतिहासाचा शिक्षक. राजांनी राजधान्या का हलवल्या आणि त्यातून कोणकोणते अनर्थ ओढवले, हे मी मुलांना तीस-बत्तीस वर्षं शिकवलं. स्वतःची राजधानी हलवायची वेळ आली तेव्हा मात्र माझं मत कुणी विचारलं नाही. (विचारलं होतं. पण विचारून झाल्यावर ऐकायचंही असतं, हे आमच्या घरी कुणाला माहीत नव्हतं.) माझी बायको मालती आता नाही. त्यामुळे या हकिकतीत तिची बाजूही मलाच मांडावी लागते आहे, आणि मी मांडली तरी तीच जिंकते. हा शुद्ध अन्याय आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बंगळूरला राजाजीनगरात आम्ही एका घराच्या तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. माझ्या निवृत्तीला दोन महिने उरले होते, तेवढ्यात घरमालक हात जोडून दारात उभे राहिले. त्यांचा मुलगा कॉम्प्युटरवाला झाला होता आणि त्याला जुनं घर पाडून तीन मजले चढवायचे होते. मालक सज्जन. आम्हाला घराबाहेर काढतानासुद्धा त्यांनी "सर, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी" एवढंच म्हटलं. बसमध्ये शेजारच्याला थोडं सरकायला सांगतात ना, त्या सुरात. आम्ही अ‍ॅडजस्ट करायचं होतं ते अक्षय्य तृतीयेनंतर पंधरा दिवसांच्या आत.

बंगळुरात आता आपल्यासारख्यांचं काही खरं नाही, याबद्दल आमचं एकमत होतं. म्हणजे मी तसं म्हणालो आणि मालती गप्प राहिली, याला मी एकमत समजलो. पुढे जायचं कुठे, यावर मात्र युद्ध पेटलं. निपाणीला माझा चुलतभाऊ गोपाळ होता. त्याच्या घरामागे दोन खोल्या रिकाम्या होत्या, दारात पेरूचं झाड होतं, आणि झाडाखाली खुर्ची टाकून मी उरलेलं आयुष्य वाचत काढणार होतो. बेळगावला मालतीची बहीण कुसुम होती आणि तिच्याच गल्लीत एक घर भाड्याने मिळत होतं. मुलगी लग्न होऊन सुरतेला. तिने फोनवर "तुमचं तुम्ही ठरवा" असं सांगून अंग काढून घेतलं.

मी फुलस्केप कागदावर दोन रकाने आखले. निपाणीचे अकरा फायदे निघाले, बेळगावचे चार. (चारही मी उदार मनाने दिले होते.) शांतता, स्वच्छ हवा, ओळखीची माणसं, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. मालतीने कागद वाचला.

"निपाणीत तुमच्या छातीत दुखायला लागलं तर?"

"डॉक्टर आहे की. गोपाळचा मित्रच आहे."

"तो गुरांचा आहे."

मी म्हटलं, माणसं आणि गुरं यांच्या छातीत असा काय मोठा फरक असतो. यावर तिने फक्त माझ्याकडे बघितलं. मग मी बेळगाववर घसरलो. मोठ्या गावाचं काही खरं नसतं, ते धड गाव राहत नाही आणि धड शहर होत नाही, चौकशा गावातल्या आणि धूर शहरातला, असं बरंच काही बोललो. ती म्हणाली, लहान गावात तुम्ही खोकलात तर ती बातमी तुमच्या आधी बाजारात पोचते. बेळगावात निदान शांतपणे खोकता तरी येईल. एवढं बोलून तिने माझा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर शेंगदाणे, कापूर, तूरडाळ अशी यादी लिहिली. संध्याकाळी निपाणीचे अकरा फायदे वाण्याच्या दुकानात पोचले.

असे दोन आठवडे गेले. शब्दांनी काही होत नाही असं दिसलं तेव्हा मी धर्माचा आधार घेतला.

इथे आमच्या घराण्यातला एक नियम सांगायला हवा. आईने तो लग्नानंतर आठ दिवसांत मालतीकडून पाठ करून घेतला होता. बिऱ्हाड बदलताना देव आधी जातात, माणसं मागून. मुहूर्तावर नव्या घरात देव बसवायचे, दूध उतू घालवायचं, आणि एकदा बसवले की वर्षभर हलवायचे नाहीत. मी स्वतः असल्या गोष्टी मानत नाही. पण मालती मानते हे मला माहीत होतं, आणि शत्रूच्या श्रद्धेचा उपयोग करून घेण्याची उदाहरणं इतिहासात पुष्कळ आहेत. देव निपाणीत बसले, की वर्षभर मालती दुसरीकडे कुठे जाणार?

आमच्या देव्हाऱ्यात चांदीचे पाच टाक होते. खंडोबा, भवानी, जोतिबा, महादेव, आणि पाचवे कोण हे घराण्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. आई त्यांना नुसतं "ते" म्हणायची. शिवाय मालतीने लग्नात माहेरहून आणलेली पितळेची अन्नपूर्णा होती. चैत्र महिना असल्यामुळे ती सध्या बाहेरच्या खोलीत चैत्रगौर होऊन पाळण्यात बसली होती.

गोपाळ गुळाचा व्यापारी. बंगळूरला यशवंतपूरच्या बाजारात त्याची महिन्याला एक खेप असे. अक्षय्य तृतीयेच्या दहा दिवस आधी, एका गुरुवारी तो आमच्याकडे जेवायला आला. दर गुरुवारी दुपारी मालती भजनाला जायची. ती गेल्याबरोबर मी हात धुतले (चोरी असली तरी देवांची होती), पाचही टाक पुसून एका डब्यात ठेवले आणि गोपाळच्या स्वाधीन केले. मुहूर्तावर बसव, पण त्याआधी अवाक्षर बोलू नकोस, असं बजावलं. गोपाळ म्हणाला, "दादा, वहिनींना विचारलंस का?" मी म्हटलं, घरातला कर्ता पुरुष कोण आहे? तो विचारात पडला. मी डबा त्याच्या हातात कोंबला.

देव जागेवर नसले तर त्यांच्याऐवजी सुपारी मांडतात, एवढं धर्मशास्त्र मला येत होतं. मी पाच सुपाऱ्या मांडल्या आणि त्यांच्यावर झेंडूची फुलं इतकी रचली की देव्हारा फुलवाल्याची पाटी वाटू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालती पूजेला बसली. मी पलीकडे पेपर उलटा धरून श्वास रोखला होता. तिने फुलं काढली, सुपाऱ्यांना अंघोळ घातली, गंध लावलं, आरती केली. तिला काही कळलंच नाही! मला तिची थोडी कीवसुद्धा आली. जन्मभर पूजा करून या बाईला देव आणि सुपारी यांतला फरक ओळखता येऊ नये?

त्याच आठवड्यात कुसुम तीन दिवस राहून गेली. बहिणी-बहिणी स्वयंपाकघरात दार लोटून बोलत होत्या. मी दुर्लक्ष केलं. विजयी माणसाला असल्या गोष्टींकडे दुर्लक्ष करणं परवडतं.

अक्षय्य तृतीया उजाडली. दहा वाजता मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून निपाणीला फोन लावला. देव बसले, दूध उतू गेलं, गल्लीतली वीस माणसं जेवायला आहेत, असं गोपाळ म्हणाला. मी घरी आलो तो काय बोलायचं ते मनात जुळवतच. प्रस्तावना, कारणमीमांसा, निष्कर्ष. पण त्या दिवशी मालतीचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं आणि घर बायकांनी भरलं होतं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. मी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसलो आणि दार किलकिलं ठेवलं.

शेवटी कमलाक्का आल्या. त्या आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडे राहायच्या. त्यांचं घराणं इतक्या पिढ्या बंगळुरात होतं, की त्यांच्या मराठीला कानडी फोडणी पडलेली असायची. वयाने मोठ्या, आवाजानेही मोठ्या. त्या कुंकू वाहायला पाळण्यावर वाकल्या, वरची फुलं बाजूला केली आणि तशाच थांबल्या.

"मालती, गौर कुठाय गं? इथं सुपारी आहे."

मी पुस्तक मिटलं. मालती काहीतरी पुटपुटली. कमलाक्का सरळ देव्हाऱ्याकडे वळल्या. झेंडूची फुलं एकेक करून बाजूला झाल्याचं मला दाराच्या फटीतून दिसलं.

"इथं पण सुपाऱ्या. एक, दोन, तीन... पाच. आणि पाळण्यातली एक. मास्तर, बाहेर या स्वल्प."

मी बाहेर आलो. हळदीकुंकवाच्या मध्यभागी उभा असलेला मी एकटा पुरुष. इंदिरानगरहून आलेली एक मुलगी, पुण्याची, नवीनच बंगळुरात आलेली, ती सुपाऱ्यांकडे कौतुकाने बघत म्हणाली, "ही इथली पद्धत आहे का?"

"हो," कमलाक्का म्हणाल्या. "आजपासून."

मग सगळं बाहेर आलं. मी गोपाळचं नाव घेतलं तेव्हा मालती मुळीच दचकली नाही. तिने शांतपणे सांगितलं, की अन्नपूर्णा बेळगावला कुसुमच्या गल्लीतल्या त्या घरात आज सकाळी साडेनऊला बसली. म्हणजे माझे देव निपाणीत, तिची देवी बेळगावात, दोन्हीकडे दूध उतू गेलेलं, दोन्हीकडे वर्षभर हलवायची सोय नाही. आणि आम्ही दोघं बंगळुरात, ज्या घरातून पंधरा दिवसांत बाहेर पडायचं होतं त्या घरात, सहा सुपाऱ्यांसह!

मी म्हटलं, तुझी देवी परत मागव. ती म्हणाली, आधी तुमचे मागवा. मी म्हटलं, माझे पाच आहेत, बहुमत आहे. ती म्हणाली, अन्नपूर्णेवाचून पाच जण जेवतील काय? बायका पन्ह्याचे पेले हातात धरून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होत्या. एकीलाही घरी जायची घाई दिसेना.

शेवटी कमलाक्कांनी हात वर केला. त्यांचा वरचा मजला रिकामाच होता. वर्षभर तिथे राहा, वर्ष झालं की देव एकत्र आणा आणि मग जायचं तिथे जा, ठीक आहे ना, सरी? मला दुसरा मार्ग सुचेना. पंधरा दिवसांच्या आत आम्ही तीन गल्ल्या पलीकडे गेलो. एवढ्या सगळ्या कारस्थानातून मी राजधानी हलवली ती साधारण चारशे पावलं.

वर्ष संपलं तेव्हा मी म्हटलं, आधी तू. ती म्हणाली, आधी तुम्ही. दुसऱ्या वर्षी गोपाळच्या मुलीचं लग्न ठरलं. ते आमच्या देवांमुळे, असं त्याच्या घरच्यांनी ठरवून टाकलं आणि आता ते टाक द्यायलाच तयार होईनात. कुसुमने बेळगावचं ते घर स्वतःच घेतलं आणि अन्नपूर्णेला रोज नैवेद्य दाखवू लागली. आम्ही दर चैत्रात एकदा नेमाने भांडायचो, निपाणी की बेळगाव. मग मालती पन्हं करायची आणि विषय पुढच्या चैत्रावर जायचा. असे सात चैत्र झाले. आठव्याला ती नव्हती.

यंदा कमलाक्कांनी मला खाली बोलावलं आणि पन्ह्याचा पेला पुढे केला. मी सहज म्हटलं, आता मी एकटाच आहे. निपाणीला जावं म्हणतो. नाहीतर तिच्या इच्छेप्रमाणे बेळगावला.

"बेळगावला?" कमलाक्का म्हणाल्या. "कुसुमकडे चौथ्या दिवशी तिचं डोकं दुखायला लागायचं. तिला कुठे जायचं होतं बेळगावला?"

मग त्यांनी सगळं सांगितलं, आमटीची कृती सांगावी तितक्या सहज. त्या गुरुवारी भजन नव्हतंच. मालती इथे खाली बसून होती, मला चोरी करायला पुरेसा वेळ मिळावा म्हणून. मी देव निपाणीला पाठवणार, हे तिने माझ्या आधी ओळखलं होतं. मी पाठवले, की ती अन्नपूर्णा उलट्या दिशेला पाठवणार होती. हळदीकुंकवाला सुपाऱ्या मोजायचं काम कमलाक्कांकडे होतं. वरचा मजला तर आधीच झाडून ठेवला होता. मालतीला राजाजीनगर सोडायचं नव्हतं, एवढंच.

"मग मला सांगायचं होतं," मी म्हटलं.

कमलाक्कांनी माझ्याकडे बघितलं. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाकडे मी ज्या नजरेने बघत असे, तीच ती नजर. "तुम्हाला?" त्या म्हणाल्या.

मी पन्हं तसंच ठेवून वर आलो. संताप झाला होता, अजूनही होतो. बायकोने नवऱ्याला सात वर्षं अंधारात ठेवावं, दर चैत्रात खोटं खोटं भांडावं, आणि मी त्या प्रत्येक भांडणाची आधी आठ-आठ दिवस तयारी करावी? तिने एकदा समोर बसून सरळ विचारायचं होतं, की अहो, आपण इथेच राहू या का. मी तत्काळ हो म्हटलं असतं.

(नसतं म्हटलं. विचार करायला आठवडा मागून घेतला असता, आणि मग निपाणीच म्हटलं असतं.)