वाटनीत तुटलेली गॅसबत्ती

बोथ गावातल्या माह्या टपरीत जुन्या गॅसबत्त्या कमी अन् त्याच्यापायी झालेली भांडनंच जास्त जमली! पंप मारून पेटवाच्या या पितळी बत्त्या मी गावोगाव हिंडून आनतो, नीट करतो. लोकं म्हनते, "मारोती, तू लई तापट!" आता आयका, अन् तुमीच सांगा काऊन तापू नाई!

*

माह्या साळ्यानं एक बत्ती नेली. दुसऱ्याच दिवशी वापस. "भाऊजी, बिघडली!"

पाह्यलं तं आतलं मेंटल गायब. मेंटल म्हंजे जाळीची पिशवी. एकदा जळली का राख होऊन लटकते, अन् थे राखच उजेड देते. बोट लावाचं नसते!

साळा म्हने, "लई राख होती, मी धुऊन काहाडली."

"मंग आता धुतलेलं पानी पेटव!"

*

हायवेवरचा एक हॉटेलवाला आला. "भैया, अंदर एलईडी डाल दो. पंप-वंप निकाल दो, शो के लिए चाहिए."

म्या म्हनलं, "फिर रोटी भी प्लास्टिक की रखो, शो के वास्ते!"

बत्ती नाई देल्ली. बायको दोन दिस बोलली नाई.

*

जिल्ह्याचे तुकडे झाले, त्याच साली आमच्या गावचे किसन अन् लक्ष्मन, सख्खे भाऊ, वेगळे झाले. लक्ष्मन सासरवाडीले गेला, अन् थे गाव नव्या जिल्ह्यात गेलं. बापाची गॅसबत्ती एकच. तं पंचाईनं काय करावं? टाकी अन् पंप किसनले, काच अन् टोपी लक्ष्मनले!

माहं डोकंच फिरलं. "काऊन रे किसन, बैल बी मधातून कापला काय?"

किसन म्हने, "बैल दोन होते ना!"

*

मंग किसनच्या पोरीचं लगन ठरलं. त्याईची माय हटून बसली, "माही वरात त्याच बत्तीत आली. नातीची बी त्याच बत्तीत निंघंन!"

किसन टाकी घेऊन आला. "याले नवी काच-टोपी बसव."

"लक्ष्मनले सांग ना."

"त्याचा जिल्हा वेगळा, आमचा वेगळा!"

"जिल्हा सरकारनं तोडला लेका, मायबी वेगळी केली काय? अर्धी बत्ती मी नीट करत नाई. चाल, निंघ!"

लक्ष्मनले म्या सोताच फोन लावला. त्यालेबी शिव्या घातल्या.

*

लगनाच्या आदल्या दिवशी दोघंबी आले. संग माय. बाकड्याच्या या टोकाले किसन, त्या टोकाले लक्ष्मन, मधात म्हातारी. म्या पंपाचा वायसर बदलला, नवं मेंटल बांधलं, टाकीवर काच-टोपी चढवली, पंप मारला. सूंऽऽ करून बत्ती पेटली! टपरी पांढरीफट्ट.

किसन म्हने, "उजेड माह्या टाकीचा."

लक्ष्मन म्हने, "पन भाईर पडून राह्यला माह्या काचेतून."

"बत्ती पेटली, तुमी काऊन जळून राह्यले?" म्या पाना फेकला. "आता मी पंपाले हात लावत नाई. विझली तं विझू द्या!"

टाकीतली हवा कमी होत गेली. उजेड पिवळा पडला, मंग लाल. माय नुसती बत्तीकडं पाहे.

दोघंबी एकदमच उठले. दोघायचे हात एकाच पंपावर.

लक्ष्मन म्हने, "सरक दादा, तुले लहानपनापासून पंप मारता येत नाई!"