चुड्यातला बारावा तुकडा

स्टीलच्या ट्रेमध्ये हिरव्या बांगडीचे अकरा तुकडे मी एकाला एक लावून मांडले होते. गोल जवळजवळ पूर्ण झाला होता. एका ठिकाणी मात्र तांदळाच्या दाण्याएवढी फट होती. दुपारचा दीड वाजला होता आणि चार वाजता कंटेनर निघायचा होता.

"मॅडम, एवढ्याशा तुकड्यासाठी अख्खा हॉल थांबवायचा?" सायलीने विचारलं.

"तो एवढासा तुकडा कुणाच्या पोराच्या घशात गेला तर?"

तिने ते वहीत लिहून घेतलं.

अलिबागच्या खालच्या अंगाला कोळंबीची एक फॅक्टरी आहे, तिथे मी प्रॉडक्शन मॅनेजर. कोळंबी येते, सोलली जाते, धुऊन गोठवली जाते आणि कंटेनरमधून परदेशी जाते. सायली बीएमएसच्या शेवटच्या वर्षाला. तिच्या कॉलेजने यंदा जॉब शॅडोइंग काढलं होतं. म्हणजे विद्यार्थ्याने तीन दिवस एखाद्या बाई मॅनेजरच्या मागे मागे फिरायचं आणि ती काय करते ते बघायचं. काम करायचं नाही, फक्त बघायचं. पहिल्या दिवशी संध्याकाळी तिने मला विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही ऑर्डर कधी देता? सकाळपासून नुसतं विचारतच फिरताय." खरं होतं. बर्फ आला का, कोण आलं नाही, कुणाच्या बोटाला कापलंय, माझा निम्मा दिवस यातच जातो.

हा प्रकार घडला दुसऱ्या दिवशी. मी टेबलांमधून चालले होते. सायली मागून हळूच म्हणाली, "मॅडम, चार नंबरवरची ती ताई डावा हात सारखा एप्रनखाली लपवतेय." बावीस वर्षं मी या धंद्यात आहे आणि मला दिसलं नव्हतं.

ती प्रणाली. लग्नाला पंधरा दिवस झालेले. मी तिला बाजूला घेतलं. ती खाली बघत म्हणाली, "मॅडम, माजी बांगडी वाढली." आणि एप्रनच्या खिशातून तिने तुकडे काढून माझ्या हातावर ठेवले. क्रेटच्या कडेवर हात आपटला होता. अर्धा तास झाला होता. इतका वेळ का बोलली नाहीस, हे मी विचारलं नाही. नव्या नवरीचा चुडा कामावर वाढला हे घरी कळलं तर सासू काय म्हणेल, आणि इथे कळलं तर काम राहील का, या दोन भीतींमध्ये ती तो अर्धा तास कोळंबी सोलत होती.

आता आमचा नियम. अन्नाच्या फॅक्टरीत काच फुटली की काम थांबवायचं. तुकडे गोळा करून वस्तू पुन्हा जुळवायची. पूर्ण जुळली तर जिथे काच सापडली तेवढाच माल बाद, बाकीचा मोकळा. नाही जुळली तर सकाळपासूनचा सगळा माल फेकायचा. नव्या गिऱ्हाइकाची ती पहिली ऑर्डर होती. माल गेला असता तर ऑर्डर गेली असती आणि प्रणालीला घरी पाठवलं असतं, हे सांगायला ज्योतिषी नको.

मी शेठना फोन लावला. "एका वर्करची बांगडी फुटली आहे. एक तुकडा शोधतोय."

"बांगडी आत गेलीच कशी? नियम नाही का?"

"आहे. बघते मी," म्हणून मी फोन ठेवला. पावणेदोन वाजले होते.

सायली वही छातीशी धरून उभी होती. "मॅडम, परवानगी तुम्ही दिली होती, हे शेठना सांगायचं राहिलं."

राहिलं नव्हतं, मी टाळलं होतं. सव्वा महिना चुडा काढायचा नाही, असं इकडच्या बहुतेक घरांत पाळतात. दागिना काढल्याशिवाय आत यायचं नाही हा नियम काटेकोर लावला तर नव्या नवऱ्या महिनाभर येतच नाहीत, आणि सीझनला मला हात कमी पडतात. म्हणून मीच वाट काढली होती. बांगड्यांवर टेप, त्यावर लांब बाही, चालेल. ओल्या हातावरची टेप सुटू शकते, हे मी धरलंच नव्हतं. काल सायलीने याबद्दल विचारलं तेव्हा मी मोठ्या कौतुकाने तिला हे सांगितलंही होतं. आता मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि कामाला लागले.

फरशी झाडली. गटाराची जाळी उपसली. सगळ्यांच्या गमबुटांचे तळवे, ग्लोव्ह्ज, टेबलांच्या फटी पाहिल्या. काही नाही. उरले प्रणालीच्या टेबलावरचे दोन क्रेट, बर्फ आणि सोललेल्या कोळंबीने भरलेले. त्यात काचेचा दाणा हाताने शोधणं म्हणजे नुसता वेळ घालवणं. बर्फाचा प्रत्येक खडा काचेसारखाच चमकतो.

"मॅडम," सायली म्हणाली, "पेणकडे आमचं मिठागर होतं. बाबा पाणी जाड झालंय का बघायला त्यात बटाटा टाकायचे. खारं पाणी पुरेसं जाड असेल तर बटाटा तरंगतो. कोळंबी पण तरंगेल ना? काच तळाला जाईल."

मी तोंड उघडण्याआधीच प्रणालीने मान वर केली. तुकडे माझ्या हातावर ठेवल्यापासून पहिल्यांदाच. "व्हय मॅडम, जाड पान्यान कोलंबी बुडत न्हाय. आमचा पन आगर हाय. मला ठाव हाय."

खारवलेला माल पाठवता येत नाही. पण हे दोन क्रेट तसेही फेकायचेच होते. हरकत काय? मी स्टोअरमधून खडेमिठाची पोती मागवली, कॅन्टीनमधून बटाटा. शॅडोइंगचा नियम बाजूला ठेवून सायलीने एप्रन चढवला. प्रणाली टबात मीठ ढवळत होती. बटाटा बुडाला. आणखी मीठ. पुन्हा बुडाला. तिसऱ्या वेळी तो वर येऊन डोलायला लागला तेव्हा हॉलमधल्या बायका कामाच्या जागा सोडून भोवती गोळा झाल्या. मी त्यांना हाकललं नाही. मलाही आता बघायचंच होतं.

थोडी थोडी कोळंबी टबात टाकायची, बर्फ विरघळू द्यायचा, वर आलेली कोळंबी चाळणीने काढून घ्यायची, मग पाणी फडक्यातून गाळायचं. पहिला टब रिकामा. दुसरा रिकामा. एक क्रेट संपला. तीन वाजून गेले. माझं लक्ष घड्याळाकडे होतं आणि खोटं कशाला बोलू, मजाही वाटत होती. इतक्या वर्षांत काम करताना असं कधी वाटलं नव्हतं.

पाचव्या टबाचं फडकं प्रणालीने उलगडलं. तिने फक्त हात पुढे केला. बोटावर हिरवा दाणा होता. मी तो चिमट्याने ट्रेमध्ये ठेवला. फट भरली. सायलीने माझा दंड इतका आवळला की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होता.

साडेतीनला मी शेठना पुन्हा फोन केला. तुकडा सापडला, दोन क्रेट बाद, बाकी माल मोकळा, कंटेनर वेळेवर.

"शाब्बास," शेठ म्हणाले. "आणि त्या पोरीला उद्यापासून बोलवू नका."

प्रणाली समोरच टब धूत होती. सायली नेहमीप्रमाणे माझ्या मागे होती.

"शेठ, बांगड्या घालून आत यायची परवानगी तिला मी दिली होती. नियम माझ्यामुळे मोडला. कमी करायचं तर मला करा."

शेठ म्हणाले, "तुम्हाला लेखी मेमो देतो."

"द्या."

मेमो आला, अजून फाइलला आहे. कंटेनर चारला दहा कमी असताना गेटबाहेर पडला. प्रणालीला मी चुडा असेपर्यंत बाहेरच्या खोक्यांच्या पॅकिंगला लावलं, जिथे उघडा माल नसतो. आता प्रत्येक नव्या नवरीला तिथेच पाठवतो. ही साधी गोष्ट मला आधी का सुचली नाही, हे विचारू नका.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सायलीने कॉलेजचा फॉर्म माझ्यापुढे ठेवला. मॅनेजरकडून काय शिकलात, असा रकाना होता. मला वाटलं नेतृत्व, निर्णयक्षमता असं काहीतरी असेल. तिने लिहिलं होतं: "चूक वरिष्ठांना स्वतःहून सांगता येते. मॅडमना त्याला पावणेदोन तास लागले."

खाली माझी सही हवी होती. मी मनातल्या मनात हिशोब केला. पावणेदोन ते साडेतीन. बरोबर होतं. सही केली.